कधी कधीचा बिघाड

भटू आप्पा गाडीला आधी हात लावत नसत. गिऱ्हाईक आलं की ते हातातला पाना खाली ठेवत, कळकट फडक्याला हात पुसत, दोन जुन्या टायरांवर टाकलेल्या फळीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "बैस. सांग." गिऱ्हाईक घाईत असे. "आप्पा, बघा ना, चालूच होत नाही." तरी आप्पा गाडीकडे बघत नसत. "गाडी काय पळी जाई का? तू सांग पहिले."

सुरतेत नवागामला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज होतं. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस, उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली. उरलेल्या तीन बोटांनी ते बारीक स्क्रूसुद्धा अलगद बसवत. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गाडी ढकलत नेली तेव्हा ती फळी पाहूनच परत फिरावंसं वाटलं होतं. मला बोलायला लावणारी माणसं नकोशी होतात. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे माझी मराठी घरापुरती आहे, अहिराणी समजण्यापुरती, आणि परक्या माणसासमोर कुठलीच भाषा पुरत नाही.

गाडी म्हणजे पप्पांची मोटरसायकल. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती माझ्याकडे आली. पांडेसऱ्याला एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी कापडाच्या रंगाचे नमुने तपासते. संध्याकाळी सहाला सुटते. गाड्यांचा स्टँड मिलच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या कोळशाच्या ढिगाजवळ. पावसाळा संपता संपता तिथे गाडी दगा देऊ लागली. किल्ली फिरवली, सेल्फचं बटण दाबलं की काहीच नाही. किक मारली तरी नाही. पाच मिनिटांनी आपोआप चालू. मग चार दिवस काही तक्रार नाही आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

पण मला खरी भीती गाडीची नव्हती. कोळशाच्या ढिगापाशी एक माणूस उभा राहत असे. कोळशाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. तो काही बोलत नसे, जवळ येत नसे. मी गाडीवर बसले की माझ्या मागे, उजव्या बाजूला येऊन थांबे आणि बघत राही. गाडी चालू झाली नाही की हसे. तोही रोज नसे. घरी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी बंद झाली असती. मम्मी आधीपासूनच म्हणत होती, "पोरीची जात, इतक्या लांब कशाला?" म्हणून मी फक्त गाडीबद्दल बोलत होते. तिच्याबद्दलही कुणाला खरं वाटत नव्हतं. मिलजवळच्या मेकॅनिकने प्लग बदलला, नंतर बॅटरी बदलली, आणि शेवटी माझ्यासमोर एका झटक्यात गाडी चालू करून हसला. "गाडीमां कंई नथी, बेन. चलावता शीखो." म्हणजे दोष माझ्या चालवण्यात.

हे सगळं, माणूस सोडून, मी आप्पांना सांगितलं. खाली बघत सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "रोज नाही होत. कधी कधी होतं." हे बोलताना मला लाज वाटली, कारण इथवर आलं की सगळे हसत.

आप्पा हसले नाहीत. माझ्याशी ते अहिराणी आवरून, सावकाश मराठीत बोलत. "कधी कधीचा बिघाड सगळ्यात वाईट, माय. रोज बंद पडणारी गाडी बरी, ती खोटं तरी बोलत नाही." मग विचारलं, "किती वाजता? गाडी गरम असते का थंड? कोणता वार? उभी कशी असते? आणि तू काय काय करतेस, एकामागून एक सांग." त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. सकाळी, दुपारी, पाणी मारून, उन्हात तापवून पाहिली. प्रत्येक वेळी ती बटणासरशी चालू झाली. "कुठलाही पार्ट उगाच बदलायचा नाही," ते म्हणाले. "ती आंधळी कोशिंबीर झाली. बिघाड डोळ्यासमोर आल्याशिवाय मी पाना धरत नाही."

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांनी मला बोलावलं. गाडी गॅरेजच्या मधोमध उभी होती. "मिलमध्ये जशी बसतेस तशी बस. जसं करतेस तसंच कर. मी इथे नाहीच असं समज."

मी बसले. किल्ली लावली. समोर उजेड होता, रस्त्यावर पोरं ओरडत होती, भाजीवाल्याची गाडी उभी होती. मी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. तो इथेच येऊन उभा आहे असं वाटलं.

"तशीच थांब. हलू नको," आप्पा म्हणाले. पुढे येऊन त्यांनी हँडल सरळ केलं. "आता दाब." गाडी चालू झाली.

मला वाटलं, आता ते खूश होतील. पण ते गाडीकडे बघतच नव्हते. मी मघाशी जिकडे मान वळवली होती तिकडे, त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते. मी मागे वळले होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बटण दाबण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायची मला सवय लागली होती, आणि अंगाबरोबर हँडलही पूर्ण उजवीकडे वळत होतं.

आप्पांनी गाडी बंद केली. "मांगे कोन शे, माय?" त्यांनी हळूच विचारलं. या वेळी त्यांना अहिराणी आवरता आली नाही.

मी सांगितलं. सांगून झाल्यावर मीच घाईने म्हणाले, "पण तो काही करत नाही. नुसता उभा राहतो. आणि रोज नाही."

"म्हणून तर भ्याव वाटतं," आप्पा म्हणाले. "रोजच्याची माणसाला सवय होते." मग पहिल्यांदाच त्यांनी आपला तो हात माझ्यासमोर धरला. तरुणपणी ते लूमवर होते. चालता चालता मशीन कधी कधी झटका द्यायचं. त्यांनी दोनदा मास्तरला, मशीन दुरुस्त करणाऱ्याला, बोलावलं. दोन्ही वेळा मशीन नीट चाललं आणि सगळं खातं हसलं. "तिसऱ्यांदा झटका बसला, पण लाजेने मी बोललो नाही. चौथ्यांदा बोलायला बोटं नव्हती."

मग त्यांनी टाकी उतरवली आणि हँडलच्या मानेतली एक वायर सोलून दाखवली. वरचं प्लॅस्टिक चांगलं होतं. आतल्या तांब्याच्या तारा तुटल्या होत्या, एक-दोनच धरून होत्या. हँडल पूर्ण वळलं की त्याही सुटत. "वायर मी जोडतो. बाकीचं तुझ्या बापाला सांग. मी सांगणार नाही. मी ओट्यावर बसतो."

ते खरंच येऊन आमच्या ओट्यावर बसले. मी आत सांगितलं. व्हायचं तेच झालं. मम्मी रडायला लागली आणि पप्पा ओरडले, "बास झालं! उद्यापासून नोकरी बंद!"

बाहेरून आप्पांचा आवाज आला. "भाऊ, बिघाड तिकडे शे आणि तुम्ही गाडी भंगारात काढी राहिनात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा काठी घेऊन माझ्या मागे गाडीवर बसले. गुडघा वाकत नव्हता, रस्ताभर त्यांनी पाय ताठ धरला होता. मिलच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "वेळ, वार काही सांगू शकाल?" मी सांगू शकले. मला ते एकदा कुणीतरी नीट विचारलं होतं. त्या ड्रायव्हरचं गेटच्या आत येणं बंद झालं. निदान त्यांनी तसं सांगितलं. मला तो पुन्हा दिसला नाही, पण कोळशाच्या ढिगाजवळ मान उजवीकडे मागे वळायची ती वळतच राहिली. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वळू दे. नवीन जोड आहे, त्यालाही बसायला वेळ लागतो."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आप्पा दुकान उघडताना शटरखालीच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. धुळ्याकडे त्यांच्या गावी नेण्यासाठी गाडी आली, गल्ली जमली, बायका रडल्या, आणि मग ती गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. लोक पांगले. ज्यांची पाळी होती ते लूमवर गेले. मलाही मिलमध्ये जायचं होतं. यापुढे माझं काही कधी कधी बिघडलं तर कुणाला सांगायचं, हेच मनात घोळत होतं. बंद शटरसमोर थोडा वेळ थांबावंसं वाटत होतं. मी किल्ली फिरवली आणि बटणाला बोट लावलं. गाडी लगेच चालू झाली. थांबायला काही निमित्तच उरलं नाही.