आईच्या साडीचा वास

माझी धाकटी बहीण सुमन काल गेली.
तिच्या वाट्याचं कौतुक आयुष्यभर मी घेतलं.

संपानंतर बाबांची गिरणी परत सुरू झालीच नाही. आई लालबाग मार्केटबाहेर फुटपाथवर सुकी मासळी विकायला बसू लागली.
मी आधीच कॉन्व्हेंटमध्ये होते, माझी शाळा टिकली. सुमनला म्युनिसिपालटीच्या शाळेत घातलं.

संध्याकाळी आई दारातूनच ओरडायची, "लांब रवा गो, आधी आंघोळ करूंदे!"
मी धावत जाऊन तिला मिठी मारायचे.
सुमन फ्रॉक नाकाला लावून कोपऱ्यात. "ईऽऽ, बोंबील!"

आई अख्ख्या चाळीला सांगायची, "थोरली कॉन्व्हेंटात जाता, पण तिका माझ्या वासाची किळस येना नाय. मडमीण झाली ती धाकटी!"

आणि आईची साडी रोज मोरीत कोण धुवायचं?
मडमीण.
सोडा टाकून, लिंबाची सालं चोळून, श्वास रोखून. मध्येच गॅलरीत यायची, श्वास घ्यायची, परत आत.
मी तेव्हा अभ्यास करत असायचे.

गेल्या वर्षी सुमन माझ्याकडे जेवायला आली. मी सुरमई तळली. तिने ताटच ढकललं.
"ताई, कुजलीय ही! तुला कळत नाही?"

खरंच कळत नव्हतं. मोगरा कळतो, रॉकेल कळतं. मासळी नाही.

डॉक्टर म्हणाले, नाकात वास पकडणारे रिसेप्टर असतात, आणि ते बनवणारे जीन्स. माशाचा वास पकडणारा तुमचा जीन जन्मापासूनच वेगळा असावा.

म्हणजे त्या मिठीत मी काही सोसलंच नव्हतं.

सुमनला सांगितलं, तर ती पोट धरून हसली. "म्हणजे तुझं मिठीचं फर्स्ट प्राइझ फुकटचं!"
"आईला सांगते."
"नको गं. ह्या वयात तिचं तेवढं सुख कशाला मोडतेस?"

मी तिचं ऐकलं. ऐकणं मला सोयीचं होतं.

काल सुमनला नेल्यावर आई भिंतीला टेकून म्हणाली, "तिका माझो वास कधी सोसलो नाय."

मग मी सांगितलं. जीन, डॉक्टर, सुरमई, मोरीतला सुमनचा रोखलेला श्वास, सगळं.

आईने माझ्याकडे पाहिलं.
"तिका वास येय होतो... आणि तरी माझी साडी धुय होती?"
"हो, आई."

तिने दोरीवरची सुमनची साडी मागितली. नाकाशी धरून बसली. अजून सोडलेली नाही.

सुमे, आईला कळलं.
उशीर मी केला.
जा बाई आता, मोकळा श्वास घे.