भरल्या पोटाचे मासे

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, तेवढ्यात शेजारची मैत्री आली आणि न सांगता उरलेली पुढ्यात ओढून बसली. काम फत्ते झालंय, हे चेहऱ्यावरूनच कळलं.

मैत्री माणजवळच्या एका प्रयोगशाळेत पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे सांभाळते. आठ वर्षं झाली. संध्याकाळी नर-मादी एका डब्यात ठेवायचे, मधे पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. थोड्या वेळात तळाच्या जाळीखाली अंडी. एका टाकीतल्या माद्या मात्र अंडी देईनात. पिल्लू घडताना शरीराच्या मागच्या भागात कुठे काय तयार व्हायचं हे ठरवणारी दोन जनुकं त्यांच्यात बंद केलेली होती. तिच्या वरिष्ठ अनुया मॅडमनी वहीत ‘वांझ’ लिहिलं, वर “तुझ्याच खाण्यापिण्यात चूक असेल” असंही सुनावलं. शुक्रवारी टाकी रिकामी करायची ठरली. मैत्रीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात, आणि बोल तिच्या माथी.

“पोटं भरलीत मॅडम, आत गाभोळी आहे.”

“आपण काय मासळीबाजारात आहोत का?”

“असतो तर एव्हाना कळलं असतं की!”

मी माळकरी, आमच्यात मासळी येत नाही. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी, हेसुद्धा मला मैत्रीनंच सांगितलेलं. तिचे वडील, भीमराज, कंपनीत शिफ्टला जायचे. रविवारी आई, तानुबाई, मासे साफ करायला हिलाच बसवायची. बोटांना ओळख तेव्हापासूनची.

मैत्रीनं हट्टच धरला, तेव्हा काल मॅडमनी एका मादीला गुंगी देऊन सूक्ष्मदर्शकाखाली उघडलं. आत अंडीच अंडी! बाहेर यायची वाट तेवढी घडलीच नव्हती. ती वाट याच जनुकांच्या हुकमानं तयार होते म्हणे.

“मग काय म्हणाल्या मॅडम?”

“‘वांझ’ खोडलं काकू. खाली खरं कारण लिहिलं, माझं नाव घालून.”

“आणि त्या जिवाचं काय गं?”

“ते तेवढं तुम्ही पांडुरंगाच्या कानावर घाला.”

मी तिथेच हात जोडले. खोडलेल्या शब्दाबद्दल आभारही मानून घेतले.

टाकी आता हलणार नाही, उलट शेजारी आणखी दोन मांडायच्यात. मैत्री उठली आणि त्या टाक्यांसाठी हवेचा पंप आणायला पिंपरी बाजारात गेली.