राहेलबाईंची क्षमा

शुभवर्तमान सांगता सांगता राहेलबाई मध्येच थांबायच्या आणि सरळ म्हणायच्या, "हे मला अजून मिळालं न्हाई. म्होरलं सांगते." बायबलबाईनं असं बोलू नये, अशी समज चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना दोनदा दिली होती. "खोटं कसं सांगू, सायेब?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी तेव्हा आष्ट्याला मिशनच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होते. राहेलबाई तिशीनंतर अक्षरं शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून वाचायच्या. पापांची क्षमा, मनाची शांती, देवाचं लेकरू होण्याचा मान, हे सगळं विश्वासानं मिळतं, असं त्या घरोघर जाऊन सांगत. बोट अडायचं ते एकाच ठिकाणी, दुसऱ्याला क्षमा करण्यापाशी. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा धाकट्या भावानं, गणपानं, त्यांना घर बंद केलं होतं. आई मरणाला टेकली तरी उंबरठा ओलांडू दिला नाही. त्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या. आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा त्यांना आई गेल्याचं कळलं.

लढाईच्या दिवसांत त्यांचा एकुलता एक योसेफ पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला. तो पडल्याची तार मीच त्यांना वाचून दाखवली. त्या ओरडल्या नाहीत. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, नुसत्या भिंतीला टेकून बसल्या. समाचाराला आलेली एक बाई म्हणाली, "येवढं देव देव करून काय मिळालं गं तुला?"

राहेलबाई म्हणाल्या, "पोरगं न्हाई मिळालं. पन देवानं मला एकलीला सोडलं न्हाई. हितं बसलाय माझ्यापाशी."

तिसऱ्या दिवशी गणपा आला. पटका हातात घेऊन दाराबाहेरच उभा राहिला.

"आक्का, पोराचं कळलं."

"आईचं तोंड बघू दिलं न्हाईस रं मला."

"चुकलो, आक्का."

त्या उठल्या. दाराच्या फळीला त्यांनी हात घातला. आता दार लावून घेणार, असंच मला वाटलं. पण त्यांनी तो हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "आत ये. पानी पी."

गणपा आत आला, त्यांच्या हातचं पाणी प्यायला आणि तिथंच बसून हुंदके देऊन रडला.

तो गेल्यावर मी विचारलं, "क्षमा केलीत तुम्ही त्याला?"

"माझ्यापाशी कुठं हुती ती, मास्तरीणबाई? मला वरनं मिळाली, तवा त्याला देता आली."

पुढच्या वर्षी राहेलबाई तापानं गेल्या. चर्चच्या मंडळीतले लोक शवपेटी उचलायला वाकले, तेव्हा गणपा पुढं झाला. वाटेवर कुणीतरी हटकलं, "किरिस्तावाच्या मयताला खांदा देतोस व्हय रं?"

"थोरली भन हाय माझी," गणपा म्हणाला. खांदा न बदलता तो तसाच चालत राहिला.