रंग ओला होता

आमच्या हॉलिवूडच्या स्टुडिओत मी सुतार, लेस्टर प्रुइट रंगारी. स्टुडिओ पाचदा विकला गेला. दर वेळी पार्किंगच्या जमिनीवर लिहिलेलं जुन्या साहेबाचं नाव बुजवून नवं रंगवायचं काम लेस्टरचंच.

पहिल्या खेपेला, एका सकाळी ऑफिसातून चिठ्ठी आली नि त्यानं हॅल्वरसनसाहेबांचं नाव बुजवलं. ह्याच साहेबांनी त्याला कामाला लावलेलं. तेवढ्यात त्यांची गाडी आली. स्टुडिओ विकला, आपली नोकरी गेली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय रे लेस्टर, स्पेलिंग चुकलं होतं का?"

लेस्टरची मान वर होईना. "रंग ओला आहे साहेब. गाडी घालू नका."

साहेब काय ते समजले. गाडी रस्त्यावर लावून चालत आत गेले.

लेस्टर त्या दुपारी जेवला नाही. मला म्हणाला, "निदान गुड मॉर्निंग तरी म्हणायचं होतं रे मी."