हूऱ्यातलं बोरन्हाण

लेक जन्मली त्या वर्षी आम्ही इथे आखातात, हूऱ्यातल्या भाड्याच्या घराच्या अंगणात बोराचं झाड लावलं. कल्पना बायकोची. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या डोक्यावरून संक्रांतीनंतर बोरं ओतायची आणि बाकीच्या पोरांनी ती वेचायची, हे बाजारातल्या बोरांनीही झालं असतं. तिला घरच्या झाडाची हवी होती. घरमालकीणबाई खूश झाल्या. इथली अरब माणसं बोराला कनार म्हणतात आणि ते झाड सहसा तोडत नाहीत. "लगाओ. लेकिन बाद में काटना मफी, बिलकुल नहीं," त्यांनी बजावलं.

झाड इथल्याच मातीतलं, त्यामुळे उन्हाला आणि खाऱ्या पाण्याला त्यानं भीक घातली नाही. बघता बघता गच्चीच्या वर गेलं. मधमाश्या आल्या, बुलबुल आले, पोपटांचा थवा आला. आमच्या वाट्याला मात्र बोर आलं नाही. मी सकाळी कामावर जायला सित्र्याच्या बसमध्ये बसेपर्यंत पोपटांचा नाश्ता उरकलेला असे. दरवर्षी बायको मुकाट्यानं बाजारातून बोरं आणायची. त्या मुकाटपणाचा मला फार राग यायचा.

यंदा लेकीचं शेवटचं बोरन्हाण. मी पेटलो. इंजिनिअर माणूस, सुट्टीचा शुक्रवार शिडीवर घालवून अख्ख्या झाडाला जाळी बांधली. बोरं पिकत राहिली. पोपट भिंतीवर बसून शिव्या घालत राहिले आणि मी समोर चहा पीत राहिलो. एवढं सुख मला बढतीनंही दिलं नव्हतं. एकाही बोराला मी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःलासुद्धा.

रथसप्तमीला, बोरन्हाणाच्या दिवशीच सकाळी, जाळीत एक बुलबुल अडकला. मी त्याला सोडवलं आणि जाळीचं भोक शिवायला लेकीकडे दोरा मागितला. तिनं तो पाठीमागे लपवला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी.

"बाबा, दे आर ऑल्सो अंडर फाइव्ह."

मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मुद्दा बरोबर आहे तिचा."

चडफडत जाळी काढली. पाहुणे येईपर्यंत पाखरांची पंगत बसली होती. बायकोनं मग पाट झाडाखालीच मांडला, लेकीला काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घातले, ओवाळलं आणि यंदाही आणून ठेवलेल्या बाजारातल्या बोरांचं भांडं आणायला वळली. तेवढ्यात वरून सुरुवात झाली. पोपट एक खातात आणि चार टाकतात. लेकीच्या डोक्यावर, मांडीवर बोरं टपटपायला लागली. पोरं तुटून पडली, घरमालकीणबाईही वाकल्या. बायको रिकाम्या हातांनी उभी राहून हसत होती. मीही एक उचललं. अर्धं खाल्लेलं होतं. पुसून तोंडात टाकलं, तर इतकं गोड की पोपटांचा राग धरणं मला जमेना.