कारवीचा कूड

निवृत्तीदादा फौजेतून सुटून आले ते बारा बोअरची एकनळी बंदूक घेऊनच. रीतसर परवाना होता. त्या बंदुकीवरच त्यांना नाशकातल्या एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी लागली. सकाळी ती खांद्याला अडकवून सायकलवर निघायचे आणि संध्याकाळी परत आणून घरातल्या खुंटीला टांगायचे. आमच्या वसाहतीत दुसरी बंदूक नव्हती. दादा बोलायला मऊ, पण बंदुकीमुळे लोक त्यांना जरा घाबरूनच असत.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वसाहतीत चोऱ्या सुरू झाल्या. कौलं काढायची, आत उतरायचं आणि भांडी, लुगडी, सापडेल ते न्यायचं. एका म्हाताऱ्याच्या डोक्यात दगडही घातला. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "निवृत्तीदादा आहेत ना!"

सगळ्यात जास्त धीर वाटला तो शेजारच्या कुसाबाईला. तिचा नवरा झुंबर ओझरच्या कारखान्यात होता. त्याची पाळी बदलती असल्यामुळे ती बऱ्याचदा घरात एकटी असे. एकदा ती दादांच्या बायकोला, लताबाईंना, म्हणाली, "वहिनी, काडतूस हाताशी ठेवायला सांगा दादांना. मला भीती वाटली की मी भिंतीवर थाप मारीन."

दादा हसून म्हणाले, "मार की. मी हायेच."

ही भिंत म्हणजे खरं तर भिंत नव्हती. मूळच्या एका लांब घराचे मालकाने दोन भाग केले होते. मध्ये पेठकडच्या रानातल्या कारवीच्या काठ्यांचा कूड घातला आणि दोन्ही अंगांनी माती लिंपून वर चुना मारला. वर्षानुवर्षं चुन्याचे हात बसत गेले आणि दिसायला ती पक्की भिंत झाली. दोन्ही घरांनी तिच्यात खिळे ठोकले, फोटो लावले. आत काय आहे हे माहीत सगळ्यांना होतं, पण लक्षात कोणाच्याच राहिलं नव्हतं.

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी सगळी वसाहत जयंतीच्या मिरवणुकीला गेली. दादांच्या अंगात ताप होता, म्हणून ते घरीच पडून राहिले. लताबाई आणि कुसाबाई बरोबरच गेल्या. झुंबर परस्पर कारखान्यातून मिरवणुकीत येणार होता. पण गर्दीत कुसाबाईला घेरी आली आणि ती एकटीच घरी परतली. दिवा न लावता आडवी झाली. दादांना याचा पत्ता नव्हता.

थोड्या वेळाने दादांच्या स्वयंपाकघरावरची कौलं वाजली. एक माणूस आत उतरला. दादांनी उठून बंदुकीत काडतूस भरलं आणि मधल्या दारात उभे राहिले. चोर कुडाला लागून भांड्यांच्या फळीपाशी होता.

"हात वर कर!"

चोराने हातातली कळशी त्यांच्या अंगावर फेकली आणि मागच्या दाराकडे उडी घेतली. त्याच क्षणी कुडावर थाप पडली आणि दादांनी चाप ओढला.

चोर कडी काढून पळाला. त्याला काही लागलं नव्हतं. किंकाळी आली ती पलीकडून.

दादा धावत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. कुडाला टेकून कुसाबाई जमिनीवर बसली होती आणि उजव्या कोपराखाली नुसतं रक्त. दादांनी धोतर फाडून हात आवळला, तिला उचलून रस्त्यावर आणलं, टांगा थांबवला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला, पण कोपर मोडलं ते कायमचं. बोटं पुन्हा मिटली नाहीत. आम्ही नंतर ती भिंत पाहिली. दादांच्या बाजूला बोट जाईल एवढी छर्र्यांची भोकं होती आणि कुसाबाईच्या बाजूला मातीचे पोपडेच्या पोपडे उडाले होते.

वसाहतीतले पंच सावळीरामबाबा पोलिसांच्या आधी दादांकडे आले. "निवृत्ती, चोरानं बंदूक धरली, ओढाताणीत बार उडाला, एवढंच सांग. आम्ही सगळे तेच सांगू. तू आमच्यासाठीच ठेवली होतीस ना ती?"

"बाबा, त्यानं बंदुकीला हात नाय लावला. चाप मी ओढला."

"अरे, नोकरी जाईल!"

"जाऊ द्या."

जबाब तसाच लिहिला गेला. परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली, नोकरी गेली. कोर्टात कुसाबाईने गळ्यात अडकवलेल्या हाताने साक्ष दिली, "दादांनी चोरावर झाडली. मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं." कोर्टाने दंडावर सोडलं. बाहेर पडताना तिने दादांना विचारलं, "दादा, एक सांगा. माझी थाप तुम्ही ऐकली होती का?"

लताबाईंनी दादांचा हात धरला. दादा म्हणाले, "ऐकली. त्याच वेळी ऐकली. पण बोट थांबलं नाही."

कुसाबाई लताबाईंबरोबर घरी चालू लागली. शेजारीच उभा असलेला झुंबर मात्र त्या दिवसापासून दादांशी बोलायचा थांबला.

पुढे दादा बसस्टँडजवळ सायकली सांभाळायच्या कामाला लागले. लताबाई रोज दोन्ही घरच्या भाकरी थापायच्या. कुसाबाई डाव्या हाताने पीठ चाळून द्यायची. झुंबर त्या भाकरी खायचा, पण दादा ओट्यावर दिसले की आत निघून जायचा. चोऱ्या त्यानंतर थांबल्या, आणि लोक म्हणायचे, "काही म्हणा, बंदुकीचा धाक बसला." हे ऐकलं की दादा तिथून उठून जात.

शहाऐंशी साली झुंबरने ओझरला घर घेतलं. टेंपो भरताना लोखंडी कपाट एकट्याला उचलेना. दादा पुढे झाले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. झुंबर थबकला, मग त्याने उचललं. दोघांनी कपाट नीट टेंपोत चढवलं आणि झुंबर दोरी बांधू लागला.

कुसाबाई चालकाशेजारी बसली. खिडकीतून म्हणाली, "दादा, वहिनींना घेऊन या घर बघायला."

"येऊ की," दादा म्हणाले.

लताबाई दोनदा जाऊन आल्या. दादा गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहिले, आणि दोन वर्षांनी वारले. त्या दिवशी झुंबर आला होता. तिरडीला खांदा दिला, आणि बायकांत बसलेल्या कुसाबाईला घेऊन संध्याकाळच्या बसने परत गेला.