परंड्याच्या वाटेवरची खुशाली

बार्शीच्या स्टेशनात छोटी गाडी थांबली तेव्हा माझ्याजवळ दोन ट्रंका होत्या आणि दोन्हींत औषधं. परंड्याकडे प्लेग असल्याची वार्ता पुण्यात पोचून तीन महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदीचं, एकही पत्र हाती आलं नव्हतं. तिचं सासर त्याच वाटेवर. उत्तर काय येईल या धास्तीनं मीही लिहिलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी माझी जात. शेवटी शाळेतून रजा काढून निघालो.

शिवप्पाची बैलगाडी ठरली. हा लिंगायत शेतकरी सोनारीच्या भैरवाला नवस फेडायला निघाला होता. हद्दीवर करोडगिरीचा (निजामी जकातीचा) नाका लागला. तिथल्या जमादारासाठी मी उर्दूतली सहा वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यानं ट्रंक उघडून फिनेल हुंगलं, पट्ट्या उलगडल्या.

"मास्तर, दवाखाना काढायलात का?" तो सरळ मराठीत म्हणाला आणि त्यानं गाडी सोडली.

दुपार कलली तेव्हा गाव आलं. वेशीतून शिरलो तर चिटपाखरू नाही. दारोदार कुलपं, गोदीच्या दारालाही. तिच्या ओट्यावर बसून मी चक्क रडलो.

"रडता कशापायी?" शिवप्पा म्हणाला. "उंदीर पडले की गाव रानात जातंय. तिकडं माळाला बघा की, धूर दिसंना व्हय तुमाला?"

माळावर झोपड्यांचं अख्खं गाव वसलं होतं. कुणी भाकरी थापत होतं, कुणी शेरडं बांधत होतं. एका आगटीपाशी (कणसं भाजायच्या खड्ड्यापाशी) गोदी हुरडा चोळत बसली होती. मला पाहून तिचे हात थांबले.

"दादा, तू हायस?" दहा वर्षांत तिची बोली पार तिकडची झाली होती. "गेल्या सोमवारीच म्या तुझ्या नावानं आंघोळ केली रं."

आपण हे नुसतं बोलतो. तिनं खरोखर डोक्यावरून पाणी घेतलं होतं.

तिनं झोपडीतून परत आलेली तीन पाकिटं आणली; तिसरं त्याच सोमवारी आलं होतं. पत्ता माझा, वर 'बैरंग' आणि 'घेण्यास नकार'. एरवी मेहुणे बार्शीच्या बाजाराला जात तेव्हा तिथं पत्र टाकत; प्लेगमुळं तो बाजार तुटला, तेव्हा त्यांनी पत्रं परंड्याला टाकली. तिथलं निजामी तिकीट हद्दीपलीकडे चालत नसे, म्हणून ती पुण्यात बैरंग (दंड भरून सोडवायची) झाली. आणि नकार देणारा मीच. वडील काशीला वारले त्याची बातमी बैरंग पत्रानं आली होती. तेव्हापासून पोस्टमन 'बैरंग' म्हणाला की मी न बघताच हात जोडत असे.

"तू घरात व्हतास?"

"होतो."

"मंग घेतली का न्हाईस?"

"भ्यालो."

ती हसू लागली, हसता हसता रडली, आणि हुरड्याची ऊन मूठ माझ्या हातावर आपटून म्हणाली, "खा आता, मेल्या."

इतका गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नाही. आठ दिवस राहिलो. औषधं तिथंच ठेवून, पाकिटं तेवढी मागून घेतली.

परतताना कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसल्यावर पहिलं पाकीट फोडलं. 'दादा, आम्ही सगळे खुशाल आहोत. काळजी करू नकोस.' या एका ओळीवाचून मी तीन महिने झुरलो, आणि ती माझ्याच उंबऱ्यावरून माघारी गेली होती. मला मोठ्यानं हसू फुटलं, डोळेही भरले.

"काही खुशखबर?" समोरच्या गृहस्थांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "तीन महिन्यांची शिळी आहे. वाचून दाखवू का?"